दिवळीतली रिकामी वाटी

१९ ऑगस्ट. मुगाच्या शेंगा वाळवणं हे त्या दिवशीचं काम होतं. झड लागलेली, उन्हाचा पत्ता नाही, आणि शेतातून ओल्याच तोडून आणलेल्या शेंगा ढिगात ठेवल्या की आतून तापतात, मग त्यांना बुरशी धरते. म्हणून पुढच्या खोलीत जुन्या चादरी अंथरल्या, पंखा पाचवर केला आणि थोड्या थोड्या वेळाने शेंगा खालीवर करत राहिले. मधल्या वेळात मी एका कादंबरीतलं अव्यक्त दुःख काढत होते. दोन्ही कामांना पंखा एकच होता, त्यामुळे दुःख उडून जाऊ नये म्हणून कागदाच्या एका कोपऱ्यावर शेंगांचं सूप ठेवलेलं होतं.

हे दुःख माझ्याकडे कसं आलं ते सांगते. मी बियाण्यांच्या पाकिटांवरची चित्रं काढते. वांगी, भेंडी, चवळी, आणि कीडनियंत्रणाच्या तक्त्यांसाठी अळ्या. फोटो आले, संगणक आले, तरी अळी अजून हातानेच काढावी लागते, कारण फोटोत अळी पानासारखी दिसते, आणि पान ओळखायला कोणी तक्ता विकत घेत नाही. एका कृषी प्रदर्शनात माझी बोंडअळी पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी पाहिली. ते तिथे कशाला आले होते, कोण जाणे. त्यांनी मला आमच्या गावी, पिंपळगाव राजाला, फोन केला आणि म्हणाले, "तुमच्या अळीत एक आतली अस्वस्थता आहे."

अळी अस्वस्थ नसते. अळी खात असते. पण समोरचा माणूस काम द्यायला निघालेला असताना त्याची चूक दुरुस्त करू नये, एवढा व्यवहार मला कळतो.

त्यांच्या अंकात एका कादंबरीवर मोठा लेख येणार होता आणि त्यासोबत चार चित्रं हवी होती. प्रसंगचित्रं नकोत, कादंबरीच्या आशयातून निघालेली प्रतीकं हवीत, असं त्यांनी दोनदा बजावलं. कादंबरी टपालाने आली. मी ती दोनदा वाचली, एकदा चित्रांसाठी आणि एकदा, पहिल्या वेळी काही सुटलं की काय म्हणून. एका घराच्या वाटण्या होतात, भाऊ वेगळे होतात आणि थोरली सून धाकटीशी अबोला धरते. तो अबोला अडीचशे पानं चालतो. ती बाई एक शब्द बोलत नाही. तिच्या न बोलण्याबद्दल लेखक मात्र एक क्षण गप्प बसत नाही.

तीन चित्रं सहज झाली. वाटणीसाठी दोन खुंट्यांना ताणून बांधलेली दोरी आणि तिच्या मधोमध गाठ. सरलेल्या काळासाठी मधोमध झिजलेला उंबरठा. परत येण्यासाठी फरशीवर आत जाणारी ओली पावलं. संपादकांनी तिन्ही मान्य केली. अडलं ते चौथं, अबोल्याचं. आधी मी दोन बायका आणि मधे भिंत काढली. ते म्हणाले, "हे घटना सांगतं, आशय नाही सांगत." मग पिंजरा पाठवला. "पिंजरा सगळेच काढतात." मग मिटलेले ओठ आणि त्यावर बोट. ते म्हणाले, "हे दवाखान्यात लावलेलं असतं हो." ते खरंच होतं.

खरं तर अबोल्याचं चित्र शोधायला मला लांब जायची गरज नव्हती. ते माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत होतं.

आमच्याही घराच्या वाटण्या झालेल्या आहेत. घर एक, मधून भिंत, पलीकडे थोरले दीर आणि जाऊबाई, अलीकडे आम्ही. भाऊ भाऊ बोलतात, रोज पारावर शेजारी शेजारी बसतात. जाऊबाई आणि मी बोलत नाही. कारण, मोरीचं पाणी. त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या अंगणातून जावं की मागच्या बोळातून, यावरून एकदा जे व्हायचं ते झालं, तेव्हापासून पाणी बोळातून जातं आणि बोलणं कुठूनच जात नाही.

पण भिंतीत एक दिवळी राहून गेली. पूर्वी एकाच दिव्याचा उजेड दोन्ही खोल्यांत पडावा म्हणून ती आरपार ठेवलेली. ती बुजवायची असं दोन्ही बाजूंनी ठरलं होतं, आणि गवंडी दुसऱ्या बाजूने बोलवावा अशी दोन्ही बाजूंची अपेक्षा होती. त्या दिवळीतून आमचं विरजण जातं-येतं. ज्या घरी दही लागलं नाही त्या घरच्या बाईने दिवळीवर टकटक करायची, पलीकडची बाई वाटीत चमचाभर दही घालून ती सरकवते. जमिनीचं काय करायचं ते करा, विरजणाले नाही म्हनू नका, एवढंच सासूबाईंनी वाटणीच्या दिवशी सांगितलं होतं. दुसरा नियम कोणी सांगितलेला नाही, पण तो त्याहून कडक पाळला जातो. उसनी आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. चटणी, सायीचा गोळा, गुळाचा खडा, काहीतरी तिच्यात असलंच पाहिजे. आम्ही दोघी एकमेकींचं तोंड पाहत नाही, पण एकमेकींच्या चटणीत लसूण कमी पडला तर आम्हाला कळतं.

तर मी ती दिवळी काढली आणि तिच्यात ती वाटी. स्टीलची, सासूबाईंची. वाटी रिकामी काढली, कारण चित्र काळ्या शाईचं होतं. दही पांढरं, कागद पांढरा, वाटीचा काठ पांढरा, अशाने काहीच दिसलं नसतं. रिकामी ठेवली की आत अंधार भरता येतो. बारीक बारीक रेघांनी तो अंधार भरायला मला अख्खी दुपार लागली, आणि मला स्वतःला विचाराल तर तो उत्तम भरला होता.

संपादकांना मी शाईचं तंत्र सांगितलं नाही. १९ तारखेच्या सकाळी, मी शेंगा परतत असताना, त्यांचा फोन आला. "ही रिक्तता! कुणी काही ठेवेल याची वाट पाहणारी वाटी! हे मी लेखाच्या सुरुवातीला पानभर घेतोय. तेवढा तो उजवा कोपरा स्वच्छ करून उद्या दुपारपर्यंत पाठवा, अंक छपाईला जातोय."

अळी सोडून माझं काहीतरी पानभर छापलं जाणार होतं. मला ते हवं होतं. अशी हाव या वयात पहिल्यांदाच सुटली होती, आणि ती चटणी-पापडाची नव्हती म्हणून मी तिला मोकळं सोडलं.

दुपारी पुतणी आली. ही जाऊबाईंची मुलगी. अबोला आम्हा दोघींचा, तिला तो लागू नाही. ती दोन्ही घरी जेवते आणि दोन्ही घरी सांगते की तिकडे काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बघायला वरवट बकालचे पाहुणे येणार होते. स्थळ जाऊबाईंच्या मनात भरलेलं होतं, आणि मुलाशी दोनदा फोनवर बोलल्यापासून पोरीच्याही. अडचण मुलाच्या वडिलांची होती. निवृत्त मास्तर. पोरगी पसंत आहे, पण घर पाहून ठरवू, असा त्यांचा निरोप होता. घर म्हणजे विटा-सिमेंट नव्हे, घरची माणसं एकमेकांशी कशी वागतात ते. मध्यस्थाने त्यांना सांगून ठेवलेलं होतं, "चुली दोन, पण मन एक." यातला पहिला अर्धा भाग खरा होता.

पोरीने चित्र पाहिलं, "काकू, काय भारी!" म्हणाली, फोटो काढला आणि गेली. मी शेंगा परतल्या.

दिवेलागणीला दार वाजलं. पुढचं दार. उघडलं तर जाऊबाई. त्या या दारातून याआधी कधी आल्या होत्या हे आठवायला मला थोडा वेळ लागला असता, पण तो त्यांनी दिला नाही.

"अवं, वाटी रिकामी काऊन काढली तुनं?" हातात पोरीचा फोन.

"बसा बाई," मी म्हटलं.

"बसाले नाही आली मी. आजवर म्या येक डाव तरी रिकामी वाटी धाडली का तुले? परवा जवसाची चटनी कोनं घातली होती?"

"तुमीच."

"मंग?"

"बाई, ते चित्र हाय. कादंबरीतल्या बाईचं."

"कादंबरीतल्या बाईले आपली वाटी कोनं देल्ली?"

वाटीच्या काठाला एका जागी चेप आहे. तो मी काढला होता. दिवळीच्या डाव्या कडेचा चुना उडालाय, तोही काढला होता. अळीला पाय किती ते पाहून मगच काढायचे, ही पोटापाण्याची सवय. दोन बायकांचे चेहरे काढले असते तर ही मी नव्हेच असं म्हणायला जागा राहिली असती. वाटीला तशी सोय नाही. ती वाटी गल्लीतल्या प्रत्येक हळदीकुंकवाला आणि तेरवीला जाऊन आलेली आहे. मी संपादकांना प्रतीक दिलं होतं, आणि गल्लीला आमचा पत्ता.

पोरगी आईच्या मागे दारातच उभी होती. तिने तो फोटो कौतुकाने स्टेटसला लावला होता. खाली लिहिलं होतं, आमच्या काकूंचं चित्र, दिवाळी अंकात येणार. आणि मुलाच्या वडिलांकडून उत्तर आलं होतं. जाऊबाईंनी फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. 'चित्र सुंदर. आपल्याच घरची दिवळी का? वाटी रिकामी का बरं?' पुढे जोडलेले दोन हात.

"म्या काढून टाकलं काकू," पोरगी म्हणाली.

"काढून काय होते? पाह्यलं ना त्याइनं! अन दिवाळीले पुस्तकात येईन ते? मास्तर मानूस, सगळे अंक वाचते म्हनतात." त्या माझ्याकडे वळल्या. "उद्या येतीन अन समोर बसून इचारतीन. काय सांगू? ज्या घरून वाटी रिकामी जाते त्या घरची पोरगी कोन नेते बाप्पा?"

"रिकामी म्हंजे तसं नाही बाई. रिकामी म्हंजे मनातलं एकटेपन."

"एकटेपन वाटीत कायले ठेवतं?"

 याचं उत्तर संपादकांकडे असतं, पण त्यांना या वेळी फोन करणं बरं दिसलं नसतं.

मी पोरीकडे पाहिलं. एरवी ती आईच्या बोलण्यावर तोंड वाकडं करते. आज करत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. म्हणजे तिला तो मुलगा हवा होता. दिवाळी अंक लोक महिनाभर चाळतात, मग त्यावर पापड वाळत घालतात. पोरीला तिकडे जन्म काढायचा होता. हिशेब काही कठीण नव्हता. कठीण एवढंच होतं की चित्र चांगलं झालं होतं.

"बरं," मी म्हटलं. "दुसरं काढू. काय काढू सांगा."

त्या उभ्याच होत्या. मी कच्चा कागद घेतला आणि कडी लावलेलं दार काढलं.

"पाहुने यायच्या टायमाले दार लावून घेतं का कोनी?"

कोपऱ्यात उभा केलेला झाडू काढला.

"उभा झाडू? लक्षुमीले हाकलून राह्यली का?"

उघडी कात्री काढली.

"माय वं! उघडी कात्री! भांडन लावतं का घरात?"

विषय साधारण तोच होता. शेवटचा उपाय म्हणून चपलांचा जोड काढला, एक सरळ, एक उलटी. त्यावर जाऊबाईंनी नुसताच कपाळाला हात लावला आणि पोरगी इतका वेळ दाबलेलं हसू सोडून देऊन हसली.

मला तेव्हा आमच्या जिल्ह्याची अडचण कळली. इथे नवं प्रतीक ठेवायला जागाच रिकामी नाही. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, त्यात मातीची ढेकळं, पुरी, विड्याचं पान ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकळं किती भिजली यावरून पावसाचं आणि विड्याचं पान हललं की नाही यावरून राजाचं म्हणजे सरकारचं भाकीत होतं, आणि ते ऐकायला लोक गाड्या करून येतात. पुरी म्हणजे पृथ्वी आणि पान म्हणजे राजा, हे ज्यांना कोणी न शिकवता माहीत आहे, त्यांच्यापुढे मी वाटी ठेवून तिला रिक्तता म्हणत होते. इथे वाटी रिकामी असली तर ती कोणीतरी रिकामी ठेवलेली असते, आणि कोणी ते सगळ्यांना ठाऊक असतं.

बोलता बोलता जाऊबाई बसल्या होत्या. चादरीच्या कडेला. हात आपोआप शेंगांकडे गेला. "तळच्या ओल्याच हायेत," असं म्हणून त्या शेंगा वर काढू लागल्या. मी परतत होते त्यापेक्षा नीट परतत होत्या असं नाही, पण तसं त्यांना वाटत होतं हे हातावरून दिसत होतं. मी चहा ठेवला. कोणी कोणाला चहाबद्दल विचारलं नाही.

चहा पिताना त्यांचं लक्ष माझ्या मेजाकडे गेलं. नमुन्यासाठी काढून ठेवलेली वाटी तिथेच होती आणि तिला माझ्या बोटांची शाई लागलेली होती.

"हिचं काय करून ठेवलं वं हे?"

त्या उठल्या, वाटी उचलून मोरीत गेल्या आणि घासायला लागल्या. घासण्याच्या आवाजावरून राग अजून उतरलेला नव्हता. मग पदराने पुसत बाहेर आल्या आणि वाटी माझ्या कोऱ्या कागदावर पालथी घातली. "भांडं धुतलं का असं ठेवावं," म्हणाल्या.

मी पाहत राहिले. पालथ्या वाटीची पाठ पांढरी ठेवता येत होती. काठाखाली फक्त बारीक काळी रेघ, मग सावली, बाकी सगळी दिवळी काळी. आत काय आहे, आहे की नाही, ते काढायचा प्रश्नच नव्हता. आणि काठ खाली गेल्यामुळे चेप दिसत नव्हता.

"बाई, अशी काढली तर?"

त्यांनी मान तिरकी करून पाहिलं. पाहुण्यांसाठी साडी निवडताना पाहावं तसं. "अशी चालते," त्या म्हणाल्या. "धुतलेली दिसते. घर सोच्छ दिसते."

"अन मास्तरांनी इचारलं, पालथी काऊन म्हनून?"

"पालथी काऊन असं कोनी इचारते का? समद्याइच्या घरी पालथीच असते."

"अन आजच्या रिकामीचं काय सांगसान?"

त्यांनी वाटीच्या पाठीवरून पुन्हा पदर फिरवला. "सांगू का धुवाले काढली होती," म्हणाल्या. आणि मग, "तू सांग. चित्र तुहं हाय."

निघताना उंबऱ्यावर त्यांचा पाय अडला. आपण बोललो, हे दोघींच्याही एकाच वेळी लक्षात आलं असावं. मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार.

"मोरीचं पानी बोळातूनच जाईन," त्या म्हणाल्या, आणि गेल्या. मी मोरीचं नावही काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून आधी चित्र काढलं, मग आंघोळ केली. दिवळी तीच, पण उडालेला चुना कागदावर भरून टाकला. घराची डागडुजी इतक्या कमी श्रमात पूर्वी कधी झाली नव्हती. फोटो पाठवला आणि चहाच्या दुसऱ्या घोटाला संपादकांचा फोन आला.

"बाई, पालथी?" ते म्हणाले. मला वाटलं आता नाही म्हणतील. "ही तर आधीच्यापेक्षा कितीतरी कठोर आहे. घ्यायचंही नाही, द्यायचंही नाही. दोघींमधला सगळा व्यवहारच संपवलात तुम्ही. हे सुचलं कसं तुम्हाला?"

"धुतली होती," मी म्हटलं.

त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. त्यांना ते फार खोल वाटलं असावं. मी त्यांना जाऊबाईंचं मत सांगितलं नाही, आणि जाऊबाईंना त्यांचं सांगणार नव्हते. दोघांनाही चित्र पसंत होतं, आणि दोघांनी दोन वेगळी चित्रं पाहिली होती. माझ्या मते आधीचंच जास्त चांगलं होतं. तो आतला अंधार मला पुन्हा तसा भरता येईल असं वाटत नाही.

मग साडी बदलली, विळी घेतली आणि पुढच्या दारातून जाऊबाईंकडे गेले. मास्तर आत आले की त्यांना स्वयंपाकघरात दोन्ही बायका दिसायला हव्या होत्या. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पोरगी आतल्या खोलीत केस विंचरत होती. मला पाहून ती फणी हातात घेऊन दारापर्यंत आली आणि परत गेली.

जाऊबाईंनी पोह्यांसाठी कांद्यांची टोपली माझ्यापुढे सरकवली. "बारीक चिर," म्हणाल्या. "मागं तू लय जाडे चिरले होते."

ते मागचं म्हणजे अबोल्याच्या आधीचं. विळी पायाखाली घेतली आणि चिरायला लागले. चार-पाच कांदे झाले असतील, तेव्हा बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. जाऊबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्या कांद्यांकडे एकदा पाहिलं, आणि पाहुण्यांसमोर बोलता येत नाही म्हणून गप्प राहिल्या. मी उरलेले कांदे जाडेच चिरले.